दोन बिझनेस स्कूल: एक नावाजलेलं, एक परवडणारं. कुठे जावं?

शंकासुर
नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसता वाचनमात्र होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

मी एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. दोन विद्यापीठांच्या बिझनेस स्कूलमध्ये दोन वर्षांच्या पूर्णवेळ एमबीएला प्रवेश मिळालाय. सोयीसाठी त्यांना थोरली आणि धाकटी म्हणू.

थोरलीचं नाव मोठं. रँकिंगमध्ये वर, नुसतं नाव घेतलं तरी समोरचा सावरून बसतो. शिष्यवृत्ती शून्य. धाकटीचं विद्यापीठ जुनं आहे, पण तिथे बिझनेस स्कूल आहे हे बऱ्याच जणांना ठाऊकही नसतं. तिने अर्धी फी माफ केलीय.

फी आणि राहण्याचा खर्च धरून धाकटीला माझा एक वर्षाचा पगार जाईल, थोरलीला तीन वर्षांचा. थोरलीसाठी जवळपास सगळंच कर्ज काढावं लागेल. नावासाठी दोन वर्षांचा पगार जास्त मोजावा का?

तिरकस
थोरलीत जा. मग धाकटीतल्यांना नोकरीवर ठेव. (दिवे घ्या)

आकडेमोड
शंकासुरा, हिशोब अर्धाच मांडलायस. दोन वर्षं नोकरी सोडणार ना? मग बुडणारा पगारही खर्चात धर. धाकटी तीन वर्षांच्या पगाराला पडते आणि थोरली पाच. एकास तीन दिसत होतं ते तिनास पाच झालं.

निवांत
@आकडेमोड, ही हातचलाखी झाली. बुडणारा पगार दोन्हीकडे सारखाच आहे. दोन्ही बाजूंना सारखीच रक्कम मिळवली की गुणोत्तर लहान दिसणारच. फरक मात्र होता तिथेच राहिला, दोन वर्षांचा पगार. बँक गुणोत्तरावर हप्ता लावत नाही.

आकडेमोड
निवड करताना फरकच बघायचा, त्यावर वाद नाही. बुडणारा पगार धरायला सांगितला तो वेगळ्या कारणासाठी. अर्धी फी माफ म्हटलं की धाकटी फुकटात पडल्यासारखी वाटायला लागते. तीसुद्धा तीन वर्षांची कमाई खातेय. तिथून बाहेर पडून पगार जेमतेम वाढणार असेल तर तीही महागच.

आणि बँकेचा विषय निघालाच आहे तर घ्या. समजा १०० कर्ज घेतलं, व्याज १० टक्के. शिकत असताना दोन वर्षं सरळ व्याज नुसतं साठतं, म्हणजे हप्ते सुरू होताना १२० झाले. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला साधारण १.५९, एकूण भरणा १९०. पैसे एकदम न उचलता सत्रागणिक उचलले तर थोडे कमी. आता थोरलीसाठी तीन वर्षांचा, म्हणजे ३६ महिन्यांचा पगार कर्जाऊ घेतलास तर हप्ता येतो तुझ्या आजच्या मासिक पगाराच्या ५७ टक्के. धाकटीसाठी सगळं कर्ज काढलंस तरी १९ टक्के. नंतर पगार दुप्पट झाला असं धरलं तर थोरलीचा हप्ता नव्या पगाराच्या साडेअठ्ठावीस टक्क्यांवर येतो, तोही दहा वर्षं. हे आकडे घेऊन झोप लागते का बघ.

चक्रम
दहा वर्षं लावायची कशाला? लोक तीन-चार वर्षांत फेडून मोकळे होतात.

प्रभाती
@चक्रम, होतात. त्यासाठी काय करावं लागतं ते सांगते.

मी अशाच एका थोरलीत शिकले. जाताना ऑपरेशन्समध्ये काम करायचं मनाशी पक्कं होतं. पहिल्या सत्राच्या मध्यापासून वर्गातली निम्मी मुलं कन्सल्टिंगच्या, म्हणजे कंपन्यांना सल्ला देणाऱ्या नोकऱ्यांच्या मुलाखतींची तयारी करायला लागली. रात्री जोड्या करून एकमेकांना केस, म्हणजे मुलाखतीत सोडवायला देतात तसे धंद्याचे प्रश्न, विचारत बसायची. मीही बसले, कारण माझा हप्ता सहज निघेल असा पगार तिथेच होता. एका उत्पादक कंपनीची ऑफर हातात होती, काम अगदी हवं तसं, पण हप्ता वजा करून जे उरत होतं ते नोकरी सोडताना मिळत होतं त्याच्याही खाली जात होतं. ती ऑफर नाकारली. कन्सल्टिंगचं काम वाईट नव्हतं, शिकायला भरपूर मिळालं. पण ते मी निवडलं असं म्हणताना जीभ अडखळते. कर्ज असलं की कुठल्या नोकऱ्यांचा विचार करायचा हेही तेच ठरवतं.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. आजही एखाद्या कंपनीत कुणाला गाठायचं असेल तर बॅचच्या ग्रुपवर विचारते, आणि संध्याकाळपर्यंत कुणीतरी ओळख करून दिलेली असते. याची किंमत कुठल्याच तक्त्यात बसत नाही.

तिरकस
म्हणजे मोबाइल नंबरांची वही दोन वर्षांच्या पगाराला पडली. महाग आहे हो.

प्रभाती
वही ज्याची त्याने भरायची असते, तिरकसराव. शाळा फक्त पानं देते. :)

जुनाखोड
थोडं अवांतर, पण इथे अवांतर नसेल तर धागा कसला.

प्रतिष्ठा प्रतिष्ठा म्हणताय ती मोजायला लागून फार काळ झालेला नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात व्हार्टन स्कूल १८८१ला निघालं. डार्टमथ कॉलेजचं टक स्कूल १९००चं, आणि हार्वर्डने एमबीए नावाची पदवी सुरू केली १९०८ला. १९५९मध्ये फोर्ड आणि कार्नेगी या दोन संस्थांच्या खर्चाने अमेरिकी बिझनेस शिक्षणाचे दोन मोठे अहवाल निघाले. दोन्हींचा सूर एकच होता: अभ्यासक्रम उथळ, अध्यापक कच्चे, विद्यार्थ्यांची निवड ढिली. आज ज्याला आपण दर्जेदार बिझनेस स्कूल म्हणतो, संशोधन करणारे प्राध्यापक आणि गणित-अर्थशास्त्राचा भक्कम पाया असलेलं, ते बरंचसं त्या झाडाझडतीनंतर घडलं.

आणि रँकिंग? बिझनेसवीकने एमबीएची यादी काढली १९८८ला, फायनान्शियल टाइम्सने १९९९ला. त्याआधी ऐंशी वर्षं लोक एमबीए करतच होते. २००४मध्ये हार्वर्ड आणि व्हार्टनने बिझनेसवीकच्या सर्वेक्षणासाठी विद्यार्थ्यांचे पत्ते द्यायचं बंद केलं. ज्यांचं नाव यादीवर अवलंबून नाही त्यांना तेवढी ऐट परवडते. बाकीच्यांना यादीत राहण्यासाठी धावावं लागतं.

चक्रम
धावता धावता काही जण पडतातही. अमेरिकेतल्या टेंपल विद्यापीठाचं फॉक्स बिझनेस स्कूल आठवतंय का? त्यांचा ऑनलाइन एमबीए यूएस न्यूज या अमेरिकी प्रकाशनाच्या यादीत ओळीने काही वर्षं पहिला होता. २०१८ला उघडकीस आलं की शाळेने पाठवलेली माहितीच खोटी होती. तिथल्या माजी डीनना २०२१मध्ये न्यायालयाने दोषी ठरवलं आणि पुढच्या वर्षी तुरुंगवासाची शिक्षा झाली. ज्यांनी 'पहिला क्रमांक' बघून फी भरली त्यांनी नेमकं काय विकत घेतलं?

निवांत
एकाने चोरी केली म्हणून सगळ्या याद्या खोट्या ठरत नाहीत. पण यादी काय मोजते ते तरी बघा. फायनान्शियल टाइम्स पदवीनंतर तीन वर्षांनी माजी विद्यार्थ्यांना गाठतं आणि पगार, पगारवाढ यांना भरपूर वजन देतं. म्हणजे ज्या शाळेतली मुलं फायनान्स आणि कन्सल्टिंगमध्ये जातात ती आपसूक वर. कारखाने, आरोग्यसेवा, सरकारी कामं यांच्यासाठी माणसं घडवणारी शाळा कितीही चांगली असली तरी खालीच राहणार.

शंकासुरा, तुला एमबीए करून करायचंय काय? हे तू सांगितलंच नाहीस.

शंकासुर
बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार.

@निवांत, सप्लाय चेन. मशिन बंद पडल्यावर तासन् तास फक्त एका सुट्या भागासाठी थांबलेले असतो आम्ही. गोदामात नको त्या वस्तूंचा ढीग, हवा तो बेअरिंग नेमका नाही. खरेदी, साठा, पुरवठादार या बाजूला जायचंय, तेही उत्पादन करणाऱ्या कंपनीतच. कन्सल्टिंगचं आकर्षण नाही, पण प्रभातीताईंचं वाचून वाटलं की तिथे गेल्यावर तेही बदलू शकेल.

सुमेधा_क
आता बोलते. मी कंपनीच्या बाजूने कॅम्पस भरतीचं काम बघते.

कुठल्या कॅम्पसवर जायचं याची यादी आम्ही हंगामाच्या बऱ्याच आधी ठरवतो. यादीतल्या शाळेत आमची माणसं जातात, विद्यार्थ्यांशी बोलतात, तिथेच मुलाखती होतात. यादीबाहेरच्या शाळेतल्या मुलाला अर्जाला बंदी नसते, पण त्याला वेबसाइटवरून यावं लागतं आणि त्या दारावर झुंबड असते. 'नाव' या शब्दाचा भरतीच्या वेळी अर्थ एवढाच, की तुमच्या दाराशी आम्ही येतो की आमच्या दाराशी तुम्ही.

पण प्रत्येक विभागाची यादी वेगळी असते. आमचे फायनान्सवाले ज्या शाळेत सगळ्यात आधी पोचतात तिथे सप्लाय चेनवाले फिरकतसुद्धा नाहीत. त्यांचं म्हणणं, तिथली मुलं आमची ऑफर खिशात ठेवतात आणि कन्सल्टिंगचं पत्र आलं की निघून जातात. ते जातात अशा शाळांत, ज्यांची नावं एकंदर यादीत पहिल्या विसातही नसतील. अमेरिकेतलं उघड उदाहरण घ्या. मिशिगन स्टेट आणि अ‍ॅरिझोना स्टेट ही विद्यापीठं यूएस न्यूजच्या सप्लाय चेनच्या यादीत वर्षानुवर्षं अगदी वर असतात. त्यांच्या एमबीएचा एकंदर क्रमांक मात्र बराच खाली.

तेव्हा थोरली जास्त नावाजलेली आहे हे खरं असेल, पण ते कुणाकडे? तुला नोकरी देणाऱ्यांकडे की तुझ्या ओळखीच्यांकडे?

भिडस्त
सुमेधाताईंशी शंभर टक्के सहमत. मी धाकटीवाला. माझ्या शाळेचं नाव सांगितल्यावर समोरचा हसून पुढचा प्रश्न विचारतो. पहिल्या नोकरीच्या वेळी याचा जाच झाला, माजी विद्यार्थ्यांना एकेकाला मेल करून दार ठोठावावं लागलं. त्यानंतर आजतागायत कुणी शाळा विचारलेली नाही. काय काम केलंस एवढंच विचारतात.

चक्रम
पहिली नोकरीच तर महत्त्वाची. दुसरी तिच्यावरून ठरते, तिसरी दुसरीवरून. आणि नंतर क्षेत्र बदलायचं झालं, दुसऱ्या देशात जायचं झालं, तर कोरी पाटी. तेव्हा लोक पुन्हा शाळाच बघतात, कारण तुमचं काम त्यांना कळत नसतं. मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७३मध्ये नेमकं हेच मांडलं. मालकाला उमेदवाराची कुवत दिसत नाही, पदवी दिसते, मग पदवी हीच कुवतीची खूण. त्याबद्दल २००१चं नोबेलही मिळालं.

अनाहूत
@चक्रम, खुणेचंच बोलायचं तर डेल आणि क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यासही घ्या. २००२मध्ये प्रसिद्ध झाला. नामांकित कॉलेजातली मुलं पुढे जास्त कमावतात हे सगळ्यांना दिसतंच. या दोघांनी अशी मुलं ताडून पाहिली, ज्यांना सारख्याच कॉलेजांत प्रवेश मिळाला होता, पण काही नामांकित ठिकाणी गेली, काही कमी नामांकित. पुढच्या कमाईतला फरक बहुतांशी मावळला. अपवाद गरीब घरच्या मुलांचा, त्यांना मोठ्या नावाचा खरोखर फायदा झाला. शंकासुरला थोरलीने घेतलंय, म्हणजे थोरलीत जाण्याची कुवत त्याच्यात आहेच. धाकटीत गेला म्हणून ती आटत नाही.

चक्रम
तो अभ्यास पदवीपूर्व कॉलेजांचा आहे, एमबीएचा नाही. अठराव्या वर्षीच्या मुलापुढे सगळं आयुष्य असतं सिद्ध करायला. एमबीएला माणूस जातोच मुळी रूळ बदलायला. कॅम्पसवर कंपनी आली तर रूळ बदलतो, नाही तर बदलत नाही.

अनाहूत
मुद्दा रास्त. पण मग तुम्ही सुमेधाताईंच्याच बाजूला आलात. कंपनी येते का हे बघा, कुठली कंपनी तेही बघा.

चक्रम
मी कुणाच्याच बाजूला नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

तिरकस
चक्रम स्वतःच्याही बाजूला नसतो, लक्षात ठेवा.

मधलीसुट्टी
दोन्ही सोडून एक वर्षाचा कोर्स का नाही बघत? फ्रान्समधलं इन्सियाड बिझनेस स्कूल १९५७पासून आहे, एमबीए दहा महिन्यांत. पगार एकच वर्ष बुडतो.

निवांत
त्यात मधल्या उन्हाळ्याची इंटर्नशिप नीट बसत नाही. तेच क्षेत्र, वरची जागा असं हवं असेल तर एक वर्ष उत्तम. मेंटेनन्समधून खरेदीत जाणाऱ्याला ती इंटर्नशिप म्हणजे नव्या कामाचा पहिला पुरावा.

जुनाखोड
आणखी एक. धाकटीचा पूर्णवेळ कोर्स टिकणार आहे का, तेही विचारा. आयोवा विद्यापीठाने २०१७मध्ये पूर्णवेळ एमबीए बंद करायचं जाहीर केलं, इलिनॉय विद्यापीठाने २०१९मध्ये. दोन्ही चांगली विद्यापीठं. ऑनलाइन आणि अर्धवेळ कोर्सना गर्दी, पूर्णवेळ वर्ग रिकामे, असं गणित होतं. प्रवेश घेतलेल्यांना शिकवून पूर्ण करतात, पण मागून बॅचच येणार नसेल तर कंपन्यांची पावलं हळूहळू वळायची थांबतात.

शंकासुर
हे डोक्यातच आलं नव्हतं. विचारतो. दोन्ही शाळांचे प्लेसमेंट रिपोर्ट उघडून बसलोय. थोरलीचा ९४ टक्के, धाकटीचा ८८. हे कसे वाचायचे?

सुमेधा_क
शेवटच्या पानापासून. बारीक अक्षरांत तळटीपा असतात तिथे.

उदाहरणादाखल धर, वर्गात १०० जण. दहा जणांना त्यांच्या कंपनीनेच पाठवलंय, ते परत जाणार, वगळा. पंधरा जण स्वतःचा धंदा काढणार किंवा आत्ता नोकरी शोधत नाहीत, वगळा. पाच जणांनी काही कळवलंच नाही, वगळा. उरले ७०. त्यातल्या ६३ जणांना ऑफर मिळाली, की मथळ्यात छापायचं ९० टक्के. पुढच्या पानावर मीडियन पगार, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येतो तो, तो काढलाय पगार कळवणाऱ्या ४५ जणांवरून. यात खोटं काही नाही. एमबीए सीएसईए नावाची संघटना या रिपोर्टांचे नियम ठरवते, नोकरी शोधणारे वेगळे मोजायचे हे त्यातच येतं. फक्त ९० टक्के कशाचे, ते वाचणाऱ्याने बघायचं.

मग दोन आकडे शेजारी ठेव. पदवीच्या दिवशी किती जणांकडे ऑफर होती आणि तीन महिन्यांनंतर किती. यात मोठी उडी असेल तर कॅम्पसवर कमी मिळालं आणि मुलांनी नंतर आपापलं शोधलं असं समज. सरासरी पगार बघूच नकोस, दोन-चार गलेलठ्ठ आकडे तिला वर ओढतात. आणि तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा तक्ता कामानुसार विभागणीचा. 'ऑपरेशन्स / लॉजिस्टिक्स' अशी ओळ असेल, तुझं सप्लाय चेन त्यातच. तिथे किती टक्के आणि त्या ओळीचा मीडियन किती, एवढंच कागदावर घे.

शंकासुर
घेतलं. थोरली: ऑपरेशन्स ४ टक्के. धाकटी: २६ टक्के. त्या ओळीचा मीडियन थोरलीचा किंचित जास्त, दहा टक्क्यांच्या आतला फरक.

निवांत
आता एकंदर मीडियन विसर. तुला जे काम करायचंय त्यात पगाराचा फरक दहा टक्क्यांच्या आत आणि हप्त्यात तिप्पट फरक.

चक्रम
चार टक्के म्हणजे संधी नाही असं कुठे सिद्ध होतं? जाणारेच कमी असतील. ज्याला खरंच जायचंय त्याला स्पर्धाही कमी.

सुमेधा_क
@चक्रम, होऊ शकतं. म्हणूनच शाळेला नेमकं विचारायचं: मागच्या तीन वर्षांत सप्लाय चेनच्या जागांसाठी किती कंपन्या कॅम्पसवर आल्या? टक्का मुलांच्या आवडीचा असू शकतो, कंपन्यांचा आकडा आवडीवर नसतो. आणि त्या चार टक्क्यांतल्या एखाद्याला गाठून विचार, नोकरी शाळेमुळे मिळाली की स्वतः शोधली.

आकडेमोड
आणि थोरलीला शिष्यवृत्तीसाठी पत्र लिही. पुष्कळ जणांना हे मागायचं असतं हेच माहीत नसतं. भीक मागितल्यासारखं लिहू नकोस, धमकीही नको. 'तुमच्याकडे यायची मनापासून इच्छा आहे, दुसऱ्या विद्यापीठाने अर्धी फी माफ केली आहे, पत्र सोबत जोडलं आहे, खर्चातली दरी थोडी कमी होऊ शकली तर निर्णय घेणं सोपं जाईल' एवढं पुरे. प्रवेश नाकारतील ही भीती मनातून काढ. फार तर नाही म्हणतील.

भिडस्त
माफीच्या अटीही वाच रे. काही ठिकाणी दुसऱ्या वर्षीची माफी पहिल्या वर्षीच्या गुणांवर टांगलेली असते.

शंकासुर
उशिरा येतोय, पण सगळं विचारून आलोय.

धाकटीकडून कंपन्यांची तीन वर्षांची यादी आली, कामाच्या नावांसकट. त्यातल्या दोन कंपन्यांचा माल आमच्याच कारखान्यात येतो. पूर्णवेळ कोर्स बंद करायचा विचार नाही असं लेखी दिलंय. माफीला गुणांची अट आहे, पण ती पास होण्यापेक्षा थोडी वर, एवढीच.

थोरलीने यादी देता येत नाही असं कळवलं, पण एका माजी विद्यार्थ्याशी बोलणं करून दिलं. चार टक्क्यांतला. अर्धा तास मनमोकळं बोलला. नोकरी त्याने स्वतः शोधली होती, पण मुलाखतीला बोलावणं नावामुळेच आलं असं त्याचं मत. शिष्यवृत्तीच्या पत्राला 'समितीपुढे ठेवतो' असं उत्तर आलंय.

मन धाकटीकडे झुकलंय. थोरलीने एक तृतीयांश जरी माफ केली तरी पुन्हा आकडे मांडेन. पंचाईत अशी की धाकटीचं डिपॉझिट भरायची मुदत समितीच्या बैठकीआधी संपते.

चक्रम
बघा, बोलावणं नावामुळेच आलं! मी काय म्हणत होतो?

तिरकस
तू काहीच म्हणत नव्हतास, तत्त्वाचा प्रश्न होता.

आकडेमोड
धाकटीला मुदतवाढ माग, आठवडाभराची सहसा देतात. नाही दिली तर डिपॉझिट भर आणि थोरलीची वाट बघ. ते परत मिळतं का?

शंकासुर
नाही. माझ्या दहा दिवसांच्या पगाराएवढं आहे. मुदतवाढीचा मेल आत्ताच टाकला.